सातबारा

गेल्या रविवारी मी पन्नास रुपये रोख मोजून माझाच चेंडू विकत घेतला. रोख, कारण विकणाऱ्या पोराच्या गळ्यात क्यूआर कोड लटकत असला तरी असल्या व्यवहाराची बँकेत नोंद राहावी असं मला वाटेना. आणि 'माझाच' म्हणजे माझ्यासारखा, त्याच कंपनीचा, असं नव्हे. त्यावर निळ्या मार्करनं मी स्वतः काढलेला 'दे' होता. देशपांड्यांतला दे. मात्रा काढताना हात हलून तिची शेपटी लांबली होती, तीसुद्धा जागच्या जागी. नऊ वर्षांनी आमची भेट झाली. दुसऱ्या कुणाला गहिवरून आलं असतं. मला राग आला. आज बुधवार, अजून उतरलेला नाही.

प्रसंग गोल्फचा आहे. लगेच उठून जाऊ नका, मीही त्यांतला नाही. आम्ही चौघं हॉस्टेलपासूनचे. त्यांतला एक पैशानं मोठा झाला आणि चौदा वर्षं प्रतीक्षायादीत काढून एका जुन्या खासगी गोल्फ क्लबाचा सभासद झाला. तेव्हापासून त्याचं नाव 'मेंबर'. बाकीचे दोघे म्हणजे डॉक्टर (दातांचा) आणि अण्णा. क्लब दख्खनच्या पठारावर, एका छावणीच्या गावात. नाव सांगत नाही. एक तर मेंबर माझा मित्र आहे, आणि दुसरं म्हणजे त्या क्लबाची कमिटी पत्रं फार चांगल्या इंग्रजीत लिहिते. नऊ वर्षांपूर्वी तो नवानवा मेंबर असताना त्यानं आम्हाला तिथे एकदा खेळायला नेलं होतं. आता त्याचा पंचावन्नावा वाढदिवस, म्हणून पुन्हा. "सगळं माझ्याकडून," असं तो म्हणाला होता. या वाक्याचं काय झालं ते पुढे सांगतो.

साहेबानं मुंबईहून ठाण्याला आगगाडी सोडली १८५३ साली. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा आणि मुंबईचा १८४२ चा. म्हणजे ठाण्याला जायची सोय होण्याआधी अकरा वर्षं मुंबईत गोल्फची सोय झालेली होती. माणसाची निकड कशात आहे याबद्दल साहेबाच्या मनात गोंधळ नव्हता. त्यांच्या स्वतःच्या देशात मात्र १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटनं गोल्फवर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून हेच करत बसायचे. किती समंजस पार्लमेंट! ती बंदी टिकली असती तर मी रविवारी सकाळी साडेपाच वाजता दुसऱ्याच्या पँटमध्ये उभा राहिलो नसतो.

पँटचं असं झालं. गेल्या वेळी माझ्या टी-शर्टाला कॉलर नव्हती म्हणून मला दारात अडवलं होतं. तो अपमान लक्षात ठेवून या वेळी मी कॉलर अशी कडक इस्त्री करून आणली की मान वळवताना काचत होती. काउंटरवरच्या गृहस्थांनी कॉलरीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते काउंटरवरून वाकले, माझ्या मांडीकडे पाहत म्हणाले, "सर, साइडला खिसे आहेत."

"हो. किल्ल्या, मोबाइल..."

"कार्गो चालत नाही, सर."

मी म्हणालो, खिसे रिकामे करतो. ते म्हणाले, प्रश्न रिकामे-भरलेले हा नाही. मी म्हणालो, मग शिवून घेतो. मेंबरनं मला कोपरानं ढोसलं, आपल्या लॉकरमधून आपली एक पँट आणून दिली. मेंबरची कंबर बेचाळीस, माझी चौतीस. पट्टा आवळल्यावर पुढे लग्नातल्या मांडवासारखी झालर पडली. त्या अवस्थेत मी नोंदवहीत सही केली. वहीत 'पाहुणा' असा रकाना आणि त्यापुढे 'कुणाचा' असा रकाना. पंचावन्नाव्या वर्षी आपण कुणाचे ते लिहावं लागतं.

भिंतीवर सागवानी फलक आहेत, त्यांवर सोनेरी अक्षरांत कॅप्टनांची नावं. आधी नुसते मेजर आणि कर्नल, एकाच्याही आडनावाचा उच्चार करण्याची आपली टाप नाही. मग एकदम ब्रिगेडियर आणि पारशी. मग उद्योगपती. गेली वीस वर्षं बिल्डर. देशाचा इतिहास इतक्या कमी जागेत मी दुसरीकडे वाचलेला नाही. मात्र त्यात एकही देशपांडे नाही, हे मी झालर सावरत पाहून ठेवलं.

बाहेर कॅडी उभे होते. माझ्या वाट्याला मामा आले. सगळे त्यांना मामाच म्हणतात. साठीच्या आसपासचे, वाळलेल्या शेंगेसारखे, डोक्यावर कुठल्याशा स्पर्धेत मिळालेली टोपी. त्यांनी माझी बॅग खांद्याला लावली, दोन पावलं चालले, थांबले आणि मागे वळून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"तुमी देशपांडे सायेब न्हवं?"

मी चाटच पडलो. नऊ वर्षांपूर्वी फक्त एकदा, चार-साडेचार तास! माझ्या बँकेचा मॅनेजर दर महिन्याला मला नव्यानं भेटतो. मी मेंबरकडे पाहिलं. ऐकलंस ना, असं.

"ओळखलंत, मामा?"

"न वळखून कसं चालंल? तुमचा वढा हाय की हितं."

"माझा ओढा?"

"सातव्याचा. देशपांडे वढा."

मला वाटलं, कुणी दुसरे देशपांडे असतील. एखादे मेजर देशपांडे. तसं विचारलं.

"आवो, तुमीच! पाच चेंडू घातले न्हाई का तुमी त्या वढ्यात? एका पाठूपाठ एक. मी म्हनलो, सायेब, फुडनं मारा, तितनं न्हाई व्हायचं. तुमी म्हनला, हितनंच मारनार. पोरं तिकडं मोजत व्हती, आन् खालच्या बांधावर गवत कापनाऱ्या बायाबी थांबल्या व्हत्या बघत."

"मग नाव कुणी ठेवलं?"

"ठिवलं कुनीच न्हाई, पडलं. नव्या पोरांला शिकवाया लागतं ना. देशपांड्याच्या अलीकडं एकशेदहा यार्ड, पलीकडं एकशेतीस. मंग मेंबर लोक बी म्हनाया लागले. जनरल सायेब हायत ना, ते दर ऐतवारी म्हनत्यात, ब्लडी देशपांडे."

"मला?"

"वढ्याला," मामा म्हणाले. मग जरा विचार करून, "आता तुमाला बी म्हना."

मेंबर हसता हसता खाली बसला. त्याला हे नऊ वर्षं माहीत होतं. दर रविवारी तो 'मी देशपांडेत गेलो', 'मी देशपांडे ओलांडला' असं म्हणत होता आणि सोमवारी मला फोनवर सुप्रभात घालत होता.

आता जे खरं घडलं ते माझ्या बाजूनं सांगायला हवं, कारण मामांच्या बखरीत निम्मंच आहे. सातवा होल पार तीनचा, म्हणजे शहाण्या माणसानं तीन फटक्यांत संपवायचा. उंचवट्यावरून मारायचं, समोर शंभराच्या पुढे यार्डांवर ओढा, ओढ्यापलीकडे ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, आणि ते ग्रीन ओढ्याकडेच उतरतं. उजवीकडे बाभळी. लांबी एकशे सेहेचाळीस यार्ड. कागदावर एवढंसंच वाटतं. चेंडू पाण्यात गेला की फटका मोजतात आणि वर एक दंड. म्हणजे पहिला फटका, दुसरा दंड, तिसरा फटका, चौथा दंड, अशा हिशेबानं पाच चेंडूंचे झाले दहा. अकरावा पलीकडे गेला. आणि बारावा, हे कुणी सांगत नाही, बारावा मी ग्रीनच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, तीस फुटांवरून, सरळ भोकात घातला. भोक सव्वाचार इंचांचं असतं. टीव्हीवरच्यांनासुद्धा असला पट (ग्रीनवरून भोकाकडे ढकलायचा फटका) वाटेवर पडलेला नसतो. त्या पटाचं नाव कशाला दिलेलं नाही.

तर स्कोअरकार्डावर सातव्या रकान्यात बारा. सात, बारा. मेंबरनं तेव्हाच ते कार्ड उंच धरून जाहीर केलं होतं की देशपांड्यांचा सातबारा निघाला.

हा विनोद इतर देशपांड्यांपेक्षा मला जरा जास्त लागतो. आमची गावाकडे सतरा एकर होती. १ एप्रिल १९५७ ला कुळकायद्यानं कुळं मालक झाली आणि आम्ही देशपांडे फक्त आडनावाचे उरलो. तारीख १ एप्रिल का निवडली हे आजीनं मरेपर्यंत सरकारला माफ केलं नाही. 'कसेल त्याची जमीन' हे कुणी म्हटलं की ती विचारायची, "आणि बसेल त्याचं काय?" कारण आजोबा बसूनच असायचे, हे तिलाही मान्य होतं. तेव्हापासून आमच्या घराण्याच्या नावावर शेतजमीन म्हणून काही नाही. एक टू बीएचके आहे, तोही बँकेकडे. आणि आता, अडुसष्ट वर्षांनी, लेखी नाही पण वहिवाटीनं, एक ओढा.

पहिले सहा होल कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. डॉक्टर उजवीकडे मारतो, अण्णा डावीकडे, त्यामुळे आम्ही चौघं भेटतो ते फक्त ग्रीनवर, शाळेच्या स्नेहसंमेलनासारखे. मामा प्रत्येक फटक्याआधी "डोकं खाली" म्हणत होते. गोल्फमध्ये डोकं खाली ठेवणं हे तंत्र आहे. पण मी प्रत्येक फटक्यानंतरही ते खालीच ठेवत होतो. पँट एका हातानं धरावी लागत असल्यामुळे माझा स्विंग, मामांच्या शब्दांत, "पानी शेंदल्यावानी" येत होता. चौथ्या होलवर चेंडू सरपटत चाळीस यार्ड गेला तेव्हा ते म्हणाले, "लाइन चांगली हाय." कॅडी लोक कधीच खोटं बोलत नाहीत. खरं सांगण्यासारखं जेवढं असेल तेवढंच सांगतात.

चालता चालता मी मामांना विचारलं, तुम्ही खेळता का? सोमवारी क्लब बंद असतो, त्या दिवशी कॅडींना खेळू देतात. मामांचा हँडिकॅप, म्हणजे पारपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा, चार होता, आता गुडघ्यामुळे सात. माझा मोजायला गेलं तर नियमानं जास्तीत जास्त चोपन्न धरता येतो, तिथे येऊन थांबतो. म्हणजे माझ्यापेक्षा सत्तेचाळीस फटक्यांनी बरा माणूस माझी बॅग वाहत होता. हे मला टोचलं. मामांना नाही टोचलं. ते म्हणाले, "मुनियप्पा माहीत हाय का? बेंगलोरचा. कॅडीच. २००९ ला इंडियन ओपन मारली त्यानं. त्याच्या आदी अली शेर, दिल्लीचा, १९९१ ला. त्यो बी कॅडी." मेंबरला यांतलं एकही नाव माहीत नव्हतं. त्याला टायगर वुड्सच्या दुसऱ्या बायकोपर्यंत सगळं माहीत असल्यासारखं तो बोलतो, आणि टायगर वुड्सनं लग्न एकदाच केलंय.

माझी स्वतःची गोल्फशी ओळख नाशिकची. आत्या तिथे राहायची. मे महिन्यात आम्ही पोरं रोज संध्याकाळी 'गोल्फ क्लब'वर खेळायला जायचो. शाळेत मी ऐटीत सांगायचो, सुट्टीत मी गोल्फ क्लबला असतो. ते मैदान नाशिककरांना वेगळं सांगायला नको. कागदोपत्री हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, तोंडात गोल्फ क्लब. तिथे क्रिकेट चालतं, फेऱ्या मारणारे आजोबा असतात, सायकल शिकणारी पोरं असतात, फक्त गोल्फ नसतं. मी आत्याला विचारलं होतं की गोल्फ कुठे गेला. ती म्हणाली, साहेब जाताना घेऊन गेला. १९०९ साली कान्हेऱ्यांनी जिथे कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली ते विजयानंद नाट्यगृहही तिनं मला दाखवलं होतं, त्यामुळे गोळी घालणं आणि गोल्फ जाणं यांचा थेट संबंध आहे असं मला आठवीपर्यंत वाटत होतं. गोल्फ क्लब कसा असावा याची माझी कल्पना अजून तीच आहे: आत जायला पैसे नाहीत, कॉलर कुणी बघत नाही, आणि भेळ मिळते.

तर सातवा होल. टीच्या, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेच्या, बाजूला कडुनिंबाखाली एक पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा प्लास्टिकची बादली घेऊन बसला होता. बादलीत चेंडू. यंदा हिवाळ्यात ओढ्याचा गाळ जेसीबीनं काढला, तेव्हा पोत्यांनी चेंडू निघाले म्हणे. पांढरे, पिवळट, एक-दोन नारिंगी, धुऊन पुसून ठेवलेले. मी सहज वाकून बघितलं आणि मला 'दे' दिसला.

"हा माझा आहे," मी म्हणालो.

"घ्या की," पोरगा म्हणाला. "पन्नास."

"अरे, माझा आहे म्हणजे माझाच आहे. हे बघ, दे. देशपांडे."

पोरगा चटकन उभा राहिला. "तुमी देशपांडे?" त्याच्या नजरेत इतका आदर होता की क्षणभर मी झालर सोडून दिली आणि पँट घसरली. "वढ्यावाले? मामा, हे खरंच हायत?" त्याला वाटत होतं, देशपांडे म्हणजे कुणीतरी होऊन गेलेले असतील. म्हसोबासारखे.

"तेच," मामा म्हणाले.

"मग माझा चेंडू मला दे."

"पन्नास," पोरगा म्हणाला. आदर आपल्या जागी होता.

मी मामांकडे न्याय मागितला. मामांनी माझी बॅग खाली ठेवली, टोपी मागे सारली आणि निवाडा करायला बसावं तसे उकिडवे बसले.

"आसं बगा सायेब. चेंडू तुमचा व्हता का? व्हता. तुमी सोडला का?"

"सोडला नाही, हरवला."

"शोधला का?"

"ओढ्यात कसा शोधणार?"

"मंजे सोडला. न्हव वर्सं त्यो गाळात व्हता. तुमी कदी इचारपूस केली? या पोरानं गुडघाभर चिखलात उतरून काढला. सर्फानं धुतला. मंग कुनाचा?"

"म्हणजे कसेल त्याची जमीन?"

"तसंच की. हुडकील त्याचा चेंडू."

मी गप्प झालो. आमच्या घराण्याविरुद्ध हा निकाल दुसऱ्यांदा लागत होता, आणि दोन्ही वेळा त्यात खोड काढण्यासारखं काही नव्हतं.

"बाकीचे चार कुठे आहेत?"

"ईकले," पोरगा म्हणाला. "एक जनरल सायबानी घेतला. म्हनले, हा घालवायला मजा यील."

मी पन्नास दिले. चाळीसला मागून पाहिला होता; पोरगा म्हणाला, नाव आसलेला हाय. नावामुळे चेंडूची किंमत वाढली असं म्हणावं तर मेंबरचा नावाचा चेंडू त्याच बादलीत तीसला होता. हेही लिहून ठेवण्यासारखं आहे.

इतक्यात मामा आपणहून बोलले. "आमची बी जमीन हितंच व्हती."

"कुठे?"

"चौदाव्याच्या तितं. आजा सांगायचा, जवारी व्हायची. लई लांबडी कनसं. मंग क्लब वाढवला तवा गेली." त्यांनी हातानं दाखवलं, लांब, कापलेल्या गवताचा एक पट्टा, मध्ये झेंडा.

मला काय बोलावं कळेना, म्हणून मी गमतीनं म्हणालो, "मग त्या होलला तुमचं नाव कसं नाही दिलं?"

"न्हाई. तितं कोनाचा चेंडू जातच न्हाई," मामा म्हणाले. "लई सोपा होल हाय."

मी माझा जुना चेंडू खिशात ठेवला (साइडला खिसे नसल्यामुळे तो पुढे झालरीत गेला आणि दिवसभर तिथे बोचत राहिला) आणि नवा काढला. मनात एकच होतं: नाव पुसायचं. एकदा पलीकडे नेऊन टाकला की या पोरांच्या तोंडातून देशपांडे जाईल. सात नंबरचं आयर्न घेतलं. पँटला डॉक्टरच्या बॅगेचा पट्टा वरून बांधला. डोकं खाली ठेवलं. आणि मारला.

देवाशपथ सांगतो, तसा फटका माझ्या हातून आधी कधी लागलेला नाही आणि पुढेही लागणार नाही. लागल्याचं हातांना कळलंच नाही. चेंडू उंच गेला, ओढ्यावरून गेला, ग्रीनच्याही वरून गेला. मी वळून पाहिलं. मेंबर फोनवर वाढदिवसाच्या शुभेच्छा घेत होता. डॉक्टर आपला पट्टा परत मिळेल का या काळजीत माझ्या कमरेकडे बघत होता. अण्णा झाडामागे गेला होता. मामा पोराशी आपल्या कमिशनचं बोलत होते.

"पाहिलंत?" मी ओरडलो.

"काय?" मेंबर म्हणाला.

"पलीकडे गेला!"

"वढ्यात गेला आसंल," मामा समजुतीच्या सुरात म्हणाले.

पलीकडे जाऊन आम्ही शोधायला लागलो. ग्रीनच्या मागे सुकलेलं कुसळी गवत, त्यामागे बाभळी. गोल्फचा चेंडू मध्यम लिंबाएवढा, वजन शेहेचाळीस ग्रॅमांच्या आतलं. मार्चच्या गवतात तो दिसणं म्हणजे नशीबच. नियमानं तीन मिनिटं शोधता येतं. "मागल्या टायमाला पाच व्हती," मामा म्हणाले, आणि हे खरं आहे, २०१९ पासून तीन केलीत. जगात सगळ्याला उशीर चालतो, फक्त माझा चेंडू शोधण्याच्या वेळात यांनी काटकसर केली. मोरांची पिसं सापडली, एक जुनी बिसलेरीची बाटली सापडली, कुणाचे तरी दोन चेंडू सापडले. माझा नाही. चेंडू पलीकडे गेला इतका की हरवला. हरवला म्हणजे परत एकशे सेहेचाळीस यार्ड चालत मागे, उंचवट्यावर, आणि आता तिसरा फटका.

तिसरा ओढ्यात गेला. तो मात्र सगळ्यांनी पाहिला. मेंबरनं फोन खाली ठेवला होता. पाचवाही ओढ्यात. खाली बांधावर दोन बायका गवत कापत होत्या, त्या थांबल्या. सातवा पलीकडे, वाळूत. आठव्याला वाळू निघाली, चेंडू तिथेच. नववा बाहेर. मग दोन पट. अकरा.

"येक कमी झाला," मामा म्हणाले. नऊ वर्षांत एक. या गतीनं पार तीन व्हायला मला आणखी बहात्तर वर्षं लागतील.

पोरगा मात्र ओढ्याच्या काठावर आधीच उतरला होता आणि पाण्याकडे बघत जागा लक्षात ठेवत होता.

उरलेले अकरा होल उन्हात गेले. दहाच्या सुमाराला ग्रीनवर फवारे सुरू झाले, गोल गोल, चक्क इंद्रधनुष्य पडत होतं. आमच्या सोसायटीत पंधरा दिवसांपासून टँकर चालू आहे. सकाळी सात ते साडेसात पाणी, त्यात बादल्या भरायच्या. मी मेंबरला तसं म्हणालो. तो म्हणाला, हे प्रक्रिया केलेलं सांडपाणी आहे. प्रक्रिया केलेलं तर केलेलं, आमच्या संडासाच्या टाकीलासुद्धा ते चालेल, तिथे कोण गोल्फ खेळतंय? पण दुसऱ्याच्या पँटमध्ये असताना माणसाला फार बोलता येत नाही. आणि पूर्वी असल्या छावणीच्या कोर्सांवर पाणी नाही म्हणून ग्रीनच्या जागी तेल पाजून दाबलेल्या वाळूचे 'ब्राउन' असायचे, त्यावरही लोक खेळलेच की. कर्नलांना चालत होतं, बिल्डरांना चालत नाही.

व्हरांड्यात जेवायला बसलो. मामांना मी म्हणालो, या, चहा घ्या. ते पायरीच्या खालीच थांबले. "आमचं तिकडं आस्तंय," त्यांनी शेडकडे हात केला. मी वर बोलावायला लागलो तसा वेटर अवघडला, मेंबर मेनूकार्ड वाचायला लागला, आणि मामांनीच मला सोडवलं: "जाऊ द्या सायेब, मला बी साइडला खिसे हायत." त्यांना बक्षीस म्हणून मी दोनशे जास्त दिले. दुपारी ते दोनशे मला फार वाटले, संध्याकाळी फार थोडे. रात्री ग्रुपवर मेंबरचा हिशेब आला: पाहुण्यांचं शुल्क, जेवण, कॅडी, चौघांत समान भाग, माझ्या वाट्याला चार हजार सहाशे. खाली लिहिलं होतं, 'केक माझ्याकडून'. केक मी खाल्ला नव्हता, मला मधुमेह आहे, आणि ते त्याला माहीत आहे.

घरी आल्यावर मी 'दे'चा चेंडू टेबलावर ठेवला. आईनं विचारलं, हे काय. आई चौऱ्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, पण जमिनीचं बरोबर ऐकू येतं. मी तिला सगळं सांगितलं: ओढा, बाभळी, नऊ वर्षं, देशपांडे हे नाव. हसवायला म्हणून सांगत होतो. ती हसली नाही. तिनं चेंडू उचलला, फिरवून पाहिला, परत ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"तलाठ्याला भेटलास का?"

"आई, तो क्लबाचा ओढा आहे."

"असू दे. बारमाही आहे का?"